मागाहून येणारी धडधड

तारेचा दोर तुटला तेव्हा चाचणीगृहातली सगळी माणसं जागच्या जागी दचकली. एकटी तीच दचकली नाही. यंत्राच्या दोन जबड्यांत धरलेला तो दोर कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टसाठी होता. ताण वाढवत नेला तशा त्यातल्या तारा आधी एकेक करून टिचत गेल्या, आणि मग अपेक्षेपेक्षा बऱ्याच आधी उरलेला सगळा दोर एकदम गेला. सुटलेलं टोक संरक्षक जाळीवर असं आपटलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाच्या पेल्यातला चहा त्याच्याच सदऱ्यावर गेला. तो "मेलो!" म्हणून ओरडला, मग आपण मेलो नाही याची खात्री करून घेऊन त्याने तिच्याकडे पाहिलं. ती यंत्राच्या तबकडीवरचा आकडा वाचत होती. "मॅडम, तुम्ही माणूस आहात की खांब?" त्याने सदरा झटकत विचारलं. "खांब असते तर आधी माझीच चाचणी घेतली असती," ती म्हणाली, "आकडा लिहून घ्या." आणि ती वरच्या मजल्यावर हिशेबनिसाकडे गेली, कारण त्याने तिला शिल्लक रजेबद्दल बोलावलं होतं. हिशेबनीस हा सावकाश बोलणारा, सज्जन आणि अतिशय कंटाळवाणा गृहस्थ. वर्षाअखेर न घेतलेली रजा पुढे ओढता येते की नाही, आणि येत असेल तर कोणत्या पोटनियमाने, हे तो समजावून देत असतानाच तिच्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं. घशाशी ठोके आले, तळहात ओले झाले, कान तापले. रजेच्या नियमांनी आजवर कोणाचं काळीज इतकं हललं नसेल. हिशेबनीस बोलायचा थांबला. "काही चुकलं का माझं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "तुमचं काही नाही. खाली मघाशी एक दोर तुटला." त्याने सभ्यपणे मान हलवली. त्यातलं त्याला काही कळलं नाही हे उघड होतं.

कारण सरळ होतं आणि ते तिला पाठ होतं. तिच्या छातीतलं हृदय दुसऱ्या कोणाचं तरी होतं. शल्यवैद्यांनी ते बसवलं तेव्हा रक्ताच्या नळ्या नळ्यांना शिवल्या. पण मेंदूकडून हृदयाकडे जाणारे मज्जातंतू इतके बारीक असतात की ते शिवण्याच्या भानगडीत जगात कोणी पडत नाही. ते कापले जातात आणि तसेच राहतात. हृदयाचं त्यावाचून अडत नाही. त्याला स्वतःचा ताल असतो, तो जरा जलद असतो एवढंच. मात्र मेंदू घाबरला तर ते हृदयाला तत्काळ कळायची सोय उरत नाही. मग मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी आपला रस रक्तात सोडतात, तो रस रक्ताबरोबर फिरत फिरत यथावकाश हृदयापाशी पोचतो, आणि तेव्हा कुठे ते धडधडू लागतं. तोवर प्रसंग संपून गेलेला असतो. माणूस दुसऱ्याच कुणासमोर दुसऱ्याच कामासाठी बसलेला असतो. शिवाय उशिरा सुरू झालेली धडधड तितक्याच उशिरा थांबते, कारण आवर घालणारा तंतूही तुटलेलाच असतो. यात गूढ काही नाही. शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंनी खाजगी आवाजात विचारलं होतं, "ज्याचं काळीज त्याच्या आवडीनिवडी येतात म्हणे. तुला काही वेगळं खावंसं वाटतं का गं?" तिने उत्तर दिलं होतं, "वाटतं. इस्पितळाबाहेरचं काहीही." सासूबाई हिरमुसल्या. त्यांना निदान एखादी तरी परकी इच्छा हवी होती. त्या अनोळखी माणसाबद्दल तिला कृतज्ञता होती, खोल आणि मुकी. पण त्याने एक पंप दिला होता, स्वभाव नव्हे, हे तिचं मत पक्कं होतं. भावना मेंदूत असतात. हृदयाचा संबंध कवींनी लावला, आणि कवींकडून कोणी मोजमाप मागत नाही.

मत पक्कं होतं, आणि तरीही शस्त्रक्रियेनंतरच्या या पाच वर्षांत त्याला कुठेतरी बारीक चीर गेली होती. तिचा चष्मेवाला नवरा शीघ्रकोपी माणूस. भांडण काढायचा, संपवायचा आणि संपल्यावर जेवायला बसायचा. पूर्वी तीही तोडीस तोड होती. आता तो तावातावाने बोलत असताना ती शांतपणे मुद्दे ऐकून घेई, त्यातले दोन मान्यही करी. मग तो निवळून उशांना अभ्रे घालत असताना तिच्या छातीत राग दाखल होई आणि ती त्या निरपराध उशांवरून कडाडून बोले. "तुझा राग पोस्टाने येतो," तो म्हणायचा, "आणि पत्ता जुना असतो." दोघंही हसायची. पण वडील गेल्याचा फोन आला तेव्हा ती "बरं" म्हणाली होती. फक्त "बरं". मग तिने भावाला कळवलं, गाडी ठरवली, कपाटातून कागदपत्रं काढली, आणि घराला कुलूप लावताना, कुलपाचा खटका बसला त्या क्षणी, तिला इतकं गलबलून आलं की किल्ली भोकातून निघेना. शोक कुलपाचा झाला. वडिलांच्या वाट्याला "बरं" आलं. नंतर कितीदा तरी तिने तो फोन मनात पुन्हा घेतला, आणि दर वेळी तोच शब्द आणि तीच सपाट शांतता ऐकू आली. त्या शांततेत दुःख होतं का? ते आहे हे तिला माहीत होतं, जसं बंद डब्यात काय आहे ते बाहेरच्या चिठ्ठीवरून माहीत असतं. चिठ्ठी मेंदूने लावली होती. डबा उघडत नव्हता. तिला वाटू लागलं की मेंदूसुद्धा आपल्या चाचणीगृहासारखाच असावा. वरच्या मजल्यावर बसून सही करणारा, पण खालून आकडा आल्याशिवाय न करणारा. छाती धडधडते, पोटात खड्डा पडतो, गुडघे सैल होतात. ती वर्दी वर जाते आणि मग तिथे कोणीतरी लिहितं: भीती. खालून वर्दीच आली नाही तर? भाषेने तर सगळंच छातीत नेऊन ठेवलं होतं. तिथे धस्स होतं, तिथेच ऊर भरून येतं, तिथलाच ठोका चुकतो. तिची छाती शल्यवैद्यांनी रिकामी करून पुन्हा भरली होती, आणि या सगळ्या शब्दांना आता घरमालक बदललेल्या भाडेकरूंसारखं बिचकत राहावं लागत होतं.

यातलं कशाचंच तिला फारसं वाटलं नसतं, मुलगी नसती तर. मुलगी एकोणीस वर्षांची, उंच मनोऱ्यावरून तलावात सूर मारणारी. लहानपणापासून पाण्यातच असल्यामुळे घरात तिला बेडकी म्हणत. बेडकी सात-आठ वर्षांची असताना आई काठावरच्या बाकावर बसे, आणि त्या चिमुरडीने कमरेएवढ्या उंचीवरून उडी मारली तरी आईचा श्वास अडके. पुढे हृदय सैल पडत गेलं, चार पायऱ्यांना धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरांनी तलावावर जायला बंदीच केली. तुम्हाला ही असली करमणूक परवडणार नाही, म्हणाले. आता बंदी उठली होती. आता ती बेडकीला तीन मजली उंचीवरून कोसळताना डोळ्यांची पापणीही न हलवता पाहू शकत होती. बेडकी वर उभी राही, हात पसरी, हवेत स्वतःची घडी करी, ती घडी उलगडी आणि पाण्यात शिरे. आईच्या छातीत तो जलद, एकसुरी, निर्विकार ताल चालूच. बेडकी केस पुसत येई, "कसा होता?" विचारी, आई म्हणे, "शेवटी गुडघे किंचित वाकले," आणि बेडकी कपडे बदलायला गेली की त्या रिकाम्या बाकावर आईच्या छातीत पूर येई. तो पूर पाहायला कोणी नसे.

हिशेबनिसाच्या खोलीतल्या त्या प्रसंगानंतर तिने वार्षिक तपासणीत डॉक्टरांना थेट विचारलं, "हे कायमचंच का?" डॉक्टर मोजकं बोलणारे होते म्हणून तिला आवडत. ते म्हणाले, "बहुतेक. पण काहींच्या बाबतीत तुटलेल्या टोकांतून तंतू पुन्हा वाढतात. शिवणीवरून पलीकडे जातात. फार सावकाश, आणि सगळीकडे नाही."

"माझ्यात वाढलेत?"

"नीट कळण्यासारखं यंत्र इथे नाही. वाढले तर आमच्याआधी तुम्हालाच कळेल."

"कशावरून?"

"दचकलात की कळेल," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

दुसऱ्या कोणी असल्या वाक्यावर आशा बांधली असती. तिने आशा बांधली नाही. तिने चाचणी मांडली. तिच्या मते ते अधिक प्रामाणिक होतं, आणि चूक झाली ती याच प्रामाणिकपणात. नाडी दाखवणारं घड्याळ तिने मनगटावर बांधलं. दचकण्यासारखे प्रसंग ती हेरू लागली: चाचणीगृहात तुटणारे दोर, रस्त्यातले अवचित भोंगे, नवऱ्याच्या हातून पडणाऱ्या बशा. प्रसंग घडला की नजर आधी घड्याळावर. आकडा जागचा हलत नसे. पण हे नमुने क्षुल्लक आहेत, असा तिने रास्त आक्षेप घेतला. पडणारी बशी ही काही भीती नव्हे. खरा भार द्यायला हवा. आणि खरा भार तिच्याकडे एकच होता. निवड स्पर्धेच्या दिवशी ती प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत बसली. बेडकी मनोऱ्यावर चढली, टोकाशी आली, आणि नेहमीप्रमाणे तिने खाली आईकडे पाहिलं. आईची दोन बोटं स्वतःच्या मानेवर होती आणि डोळे घड्याळाला खिळलेले होते. बेडकीने उडी मारली. वाईट मारली. पाणी चहूकडे उसळलं. आई अजून आकडा पाहत होती. आकडा हलला नव्हता.

घरी परतताना बसमध्ये बेडकीने खिडकी सरकवली. मग म्हणाली, "वेळ झाला होता का तुला?"

"कसला वेळ?"

"घड्याळ बघत होतीस म्हणून विचारलं. कुठे जायचं असेल तर सांगायचंस ना. मी लवकर उडी मारली असती."

आईने सगळं समजावून सांगितलं. मज्जातंतू, शिवण, डॉक्टर, नमुना, भार. क्रम बरोबर होता, एकही पायरी गाळली नव्हती. बेडकी ऐकत होती आणि तिचा चेहरा बंद होत चालला होता. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे मी तुझा दोर."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. आई, लहानपणी मला उंची कशी कळायची माहितेय? तुझ्या तोंडावरून. तू पांढरी पडलीस की मला कळायचं, हे खरंच उंच आहे. मग मी नीट मारायचे. आता वरून बघते तर तू अशी बसलेली असतेस, जशी रांगेत नंबर यायची वाट बघतेस."

"मला नंतर होतं. तू आत गेलीस की. विचार हवं तर..."

"कोणाला विचारू? बाकाला?" बेडकी म्हणाली, आणि मग हलकेच, भांडण नसल्यासारखं, "काही दिवस तू येऊ नकोस तलावावर."

हे ऐकूनही छाती शांत राहिली. स्वयंपाकघरात कांदा चिरताना ती धडधडली, आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा कांद्यावर सगळं ढकलता आलं. तिने चाचणी बंद केली. चाचणीचा निष्कर्ष नकारार्थी होता, आणि नकारार्थी निष्कर्षही निष्कर्षच असतो, हे तिने किती नवशिक्यांना सांगितलं होतं. पण निष्कर्ष लिहून फाईल मिटता येते तशी मुलगी मिटता येत नाही. आता घरात एक विचित्र उलटापालट चालली होती. प्रशिक्षकाने बेडकीला नवा सूर दिला होता. पाण्याकडे पाठ करून टोकावर उभं राहायचं, टाचा हवेत, आणि मागे झेप घ्यायची. बेडकी रोज मनोऱ्यावर चढत होती आणि रोज शिडीनेच खाली उतरत होती. नवऱ्याने हे तिला चष्म्याच्या काचा पुसत सांगितलं. "म्हणते, वर गेलं की छाती इतकी उडते की पाय ऐकत नाहीत. तुम्ही दोघी मायलेकी म्हणजे कमाल आहात. एकीचं काळीज मागाहून येतं, एकीचं पुढे धावतं. मध्ये मी. माझं वेळेवर चालतं, पण त्याला कोणी विचारत नाही."

"तिला माझी गरज नाही असं तिनेच सांगितलं."

"येऊ नकोस म्हणाली. गरज नाही असं म्हणाली नाही. एवढं अचूक मोजतेस, हे मोजलं नाहीस?"

ती गेली. घड्याळ तिने निश्चयपूर्वक घरी ठेवलं असं सांगायला बरं वाटलं असतं; वस्तुतः ते चार्जिंगला लावून ठेवलं होतं आणि ती विसरली. तलाव दुपारचा, जवळजवळ रिकामा. छताच्या काचांतून आलेला उजेड पाण्यावर पडून भिंतींवर हलत होता. पाण्यात टाकलेल्या औषधाचा तो ओळखीचा, डोळ्यांना झोंबणारा वास. ती प्रेक्षकांच्या मागच्या रांगेत, खांबाआड, दिसणार नाही अशी बसली. आपण इथे काय करणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. मोजायचं नव्हतं, आणि मोजायचं नसलं की डोळ्यांनी नेमकं काय करायचं असतं याची सवय तिला उरली नव्हती. तिने नुसतं पाहिलं. बेडकी शिडी चढत होती. ओल्या पायांचे ठसे प्रत्येक पायरीवर उमटत होते आणि वाळत होते. वर पोचल्यावर बेडकीने मान मोकळी केली, तळवे पुसले. उजव्या खांद्यावर लहानपणच्या कांजिण्यांचा एक वण होता, तो एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण तिला दिसला. बेडकी टोकाशी आली आणि वळली. पाठ पाण्याकडे. मग एक टाच मागे सरकली, काठापलीकडे गेली, मग दुसरी. आता ती मुलगी पायांच्या पुढच्या बोटांवर उभी होती, आणि मागे काही नव्हतं.

दुसरी टाच किंचित घसरली.

आणि आईच्या छातीत धस्स झालं.

नंतर नव्हे. बाकावर एकटी असताना नव्हे, कांद्यावर नव्हे, कुलपावर नव्हे. टाच घसरली आणि त्याच क्षणी, मध्ये श्वासाएवढीही जागा न सोडता, ते परकं, सोशिक, पाच वर्षं आपल्याच तालात चाललेलं हृदय बरगड्यांवर येऊन आदळलं, जसं दाराबाहेर ताटकळलेलं माणूस कडी निघताच आत यावं. आणि तोंडातून, सर्व शास्त्रीय भान सोडून, आवाज फुटला: "अगं, सांभाळ!"

सगळा तलाव दणाणला. "गॅलरीत ओरडायचं नाही!" खालून प्रशिक्षक तिच्यावर ओरडला. वर बेडकीने तोल सावरला होता. ती मान वळवून पाहत होती. तिला खांबाआडून उठून उभी राहिलेली, कठड्याला दोन्ही हातांनी धरलेली, कागदासारखी पांढरी पडलेली आई दिसली. बेडकी पाहत राहिली. मग तिने मान सरळ केली, दोन्ही हात वर नेले, आणि मागे झेप घेतली.

सूर काही खास नव्हता. पाणी उडालं, पाय जरा फाकले. परीक्षक असते तर गुण कापले असते. पण बेडकी पाण्यावर आली ती हसतच, केस मागे सारत, ओरडतच. "काय झालं गं ओरडायला?"

"घाबरले!"

"कधी?"

"आत्ता!"

"म्हणजे कुठल्या आत्ता? मी काठाला आल्यावर?"

"नाही! टाच सरकली तेव्हा! तेव्हाच, बेडके, त्याच वेळी!"

बेडकी क्षणभर पाण्यातच उभी तरंगली. मग तिने काठ धरला, वर चढली, आणि तशीच निथळत पायऱ्यांवरून धावत आली. प्रशिक्षक "धावायचं नाही!" म्हणून ओरडला, त्याचा दिवस ओरडण्यातच जायचा होता. तिने आपला थंडगार ओला तळवा आईच्या छातीवर ठेवला. आत घोडा उधळला होता. "बाप रे," ती म्हणाली. आईला रडू आलं, आणि तेही वेळेवर आलं, ओल्या तळव्याच्या समोर, ज्याच्यासाठी आलं त्याच्या देखत. वडिलांचा फोन, ते सपाट "बरं", तेही सगळं त्या रडण्यात मिसळून गेलं. तेवढ्या जुन्या पत्राला पोचायला उशीर झाला होता, पण आज पत्ता बरोबर होता. तिला तो अनोळखी माणूस आठवला. त्याने पंप दिला होता. तिच्या तंतूंनी वर्षानुवर्षं अंधारात चाचपडत, शिवण ओलांडत त्या पंपापर्यंत वाट काढली होती, तिला न विचारता, तिच्या एकाही मताची पर्वा न करता. यात गूढ काही नव्हतं. मांस वाढलं होतं. आणि मांस वाढलं याचाच तिला इतका आनंद होत होता की आत्मा वगैरे असता तर त्याने हेव्याने जळावं.

मग तिने डोळे पुसले, आणि मुलीने जे ओळखायला हवं होतं ते ओळखलं. "आता काय?" बेडकी म्हणाली, "बोल. काहीतरी आहे तुझ्या तोंडावर."

"एकदाच झालंय," आई म्हणाली. "एकदा झालेलं काहीही होऊ शकतं. योगायोग असतो, चूक असते. माझ्याकडे एकाच आकड्यावर कोणी सही मागितली तर मी त्याला हाकलून देते."

"मला पुन्हा वर पाठवतेयस?"

"मी पाठवत नाही. मी विचारतेय."

"दोर म्हणून?"

"नाही," ती म्हणाली. "मला पुन्हा घाबरायचंय."

बेडकी खळखळून हसली. "सर," तिने खाली हाक दिली, "आणखी एकदा मारते!" आणि तिने शिडी गाठली. या खेपेला आई खांबाआड बसली नाही. ती खाली उतरली, पार पाण्याच्या काठापर्यंत आली, आणि मान मागे टाकून उभी राहिली. वर, छताच्या उजेडात, मुलगी टोकाशी आली आणि वळली नाही. तिने आधी वाकून खाली पाहिलं. "खूप उंच आहे ना?" ती वरून ओरडली.

"खूप!" आई ओरडली. मुलगी अजून वळलीसुद्धा नव्हती, पायही उचलला नव्हता, आणि आईचं काळीज आधीच उडायला लागलं होतं.